विकत घेतलेले रस्ते

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघं दुकानात बसून टीव्हीवरच्या गेमचा रस्ता उतरवून घेत होतो. माझी बायको इंदू मोबाईल हातात धरून उंबऱ्यापाशी स्टुलावर बसली होती, कारण आमच्या दुकानात रेंज तेवढ्याच जागी येते. मी आत शेंगा फोडत होतो आणि कटकट करत होतो.

"परत घेतलास रस्ता? सोळा हायत की तबकडीत. माणसाला जायला किती रस्ते लागतेत?"

"आवो, गप बसा जरा. तुमच्या बडबडीनं रेंज जाती."

"कंपनीचं घर भरून राहिलीस तू."

"भरू द्या. पोरं जुन्याला कंटाळलीत. तुम्ही शेंगा खावा."

टीव्हीवरची पट्टी मुंगीच्या चालीनं पुढं सरकत होती. निम्म्याच्या वर गेली तशी तिनं मोबाईल चालू ठेवूनच स्टुलावर ठेवला आणि म्हणाली, "मी जरा आडवी होते. लाईट गेली तर हाक मारा." दुकानात पडद्यामागं खाट आहे. ती आत गेली. लाईट गेली नाही, म्हणून मी हाक मारली नाही. पाच वाजता चहासाठी उठवायला गेलो, तर तिचा हात गार होता. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं एकदा बघितलं आणि मला बाहेर बसायला सांगितलं.

दिवाळी अंकाची मंडळी मागं दुकानावर आली होती. मामा, तुमच्या धंद्यावर काहीतरी गमतीचं लिहून द्या म्हणाली. मी चौथी शिकलेला माणूस. लिहितो म्हणालो, पण गंमत किती निघंल ते सांगता येत नाही. मला राग आलेला आहे आणि तो अजून उतरलेला नाही. ज्यांना निव्वळ गंमत पाहिजे त्यांनी पुढचं पान उघडावं.

आधी धंदा काय ते सांगतो. लातूरला जो सगळा क्लासेसचा भाग आहे, तिथल्या एका गल्लीत माझं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. तासाच्या हिशेबानं सायकल. पुढं पोरांकडं स्कुट्या आल्या आणि माझ्या सायकली भिंतीला टेकून गंजायला लागल्या. तेव्हा हे गेमचं डोकं इंदूनं काढलं. तिच्या भाच्यानं पुण्याहून एक जुनं यंत्र आणि गाड्यांच्या शर्यतीची एक तबकडी आणून दिली होती. मी म्हणालो, हे पोरांचे खेळ आपल्याला काय जमणार? ती म्हणाली, "सायकलीच तर हायत. टीव्हीतल्या. तासानंच द्यायच्या." एवढ्या एका वाक्यावर आमचा धंदा उभा राहिला.

खेळ असा. जत्रेत असतात तसल्या छोट्या गाड्या. एकीत अस्वल बसलेलं, एकीत कोंबडा, एकीत टोपीवाली बाई. चौघांनी चार रिमोट घ्यायचे आणि तीन फेऱ्या मारायच्या. वाटेत एकमेकाच्या चाकाखाली तेल सांडायचं, काचेवर चिखल फेकायचा, जमंल तसा दगाफटका करायचा. पहिला येईल तो खुर्चीवर राहणार, बाकीचे तिघं उठणार, हा आमच्या दुकानाचा कायदा. त्यावरून हाणामारी झाली तर इंदू मधी पडायची. मी पडायचो नाही, कारण मी पडलो की वाढायची.

आता रस्ते विकत घेणं म्हणजे काय, ते माझ्या वयाच्या माणसांना सांगावं लागंल. तबकडी घेतली की तिच्यात सोळा रस्ते येतात. ते सहा महिन्यांत पाठ होतात. मग कंपनी नवे रस्ते काढते. ते कुठल्या दुकानात मिळत नाहीत. मोबाईलवरून पैसे भरायचे आणि इंटरनेटवरून यंत्रात उतरवून घ्यायचे. डबी नाही, पावती नाही, हातात काहीच नाही. भाड्याच्या सायकली जुन्या झाल्या की मी विकायचो. सायकल दिली की घंटी, चेन, सीट सगळं तिच्यासंगं गेलं. चार महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन मी कधी म्हणालो नाही, की बाबा, आता उजवीकडं वळायचं असंल तर वेगळे पैसे.

इंदू सातवी शिकलेली. इंग्रजी अक्षरं लावता यायची, म्हणून कंपनीकडचं खातं तिच्या नावानं काढलं, तिच्याच मोबाईल नंबरवर. खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता. आमच्या घराण्यात बाईच्या नावावर काही असलेलं मी तरी बघितलं नव्हतं. जावई म्हणाले होते, मामा, माझ्या नावानं काढू, पुढं सोपं जातं. मी म्हणालो, पुढं म्हणजे कधी? तिनं चालवलंय दुकान, तिच्याच नावानं ऱ्हाऊ द्या.

एकदा तिनं एक रस्ता घेतला तो डोळ्याची पापणी लवेपर्यंत उतरला. एरवी अर्धा दिवस जायचा. मी खूश झालो. ती मात्र यंत्राकडं बघत बसली. मग म्हणाली, "आवो, हा बाहेरून आलाच न्हाई. हा आधीच तबकडीत होता. ह्यांनी आपल्याकडून निस्तं कुलूप काढायचे पैसे घेतले." मी भाच्याला विचारलं, तर तो हसून म्हणाला, आत्या बरोबर बोलली, असं करतात कधीकधी. म्हणजे घर आम्हाला विकलं, आतल्या खोलीची किल्ली स्वतःकडं ठेवली, आणि वर पुन्हा किल्लीचे पैसे मागितले. हे सांगताना भाचा हसत होता. आजकाल लोकांना ह्याच्यावर हसू कसं येतं, मला कळत नाही.

रस्त्यांची नावं इंग्रजी. ती गिऱ्हाइकांच्या तोंडात बसंनात, म्हणून इंदूनं आपली नावं ठेवली. एक रस्ता गोल बाजाराभोवती फिरत होता आणि त्याला सगळीकडून गल्ल्या येऊन मिळत होत्या. ती झाली गंजगोलाई, आमच्या लातूरच्या गोल बाजारपेठेच्या नावानं. एक पुलावरचा, तो मांजरा पूल. एकात वरून पिंपं गडगडत यायची, तो आडत बाजार. मग सगळी पोरं तसंच म्हणायला लागली. "मामी, गंजगोलाई लावा." कंपनीच्या मालकाला ऐकू गेलं असतं तर त्यानं त्याचे बी पैसे लावले असते.

गिऱ्हाईक निस्ती पोरंच असायची असं नाही. लातूर-देगलूर गाडीवरचे एक ड्रायव्हर मुक्कामाला थांबले की यायचे. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, आणि रोज शेवटचा यायचा. प्रत्येक वळणावर ब्रेक. पुढच्या गाडीला कधी कट मारणार नाही. पोरं ओरडायची, "काका, मागं पॅसेंजर न्हाईत! दाबा!" ते म्हणायचे, "वळणावर वव्हरटेक केलं की सायब मेमो देतो." एकदा इंदूला म्हणाले, "मामी, एखादा सरळ रस्ता मागवा की." ती म्हणाली, "ड्रायव्हर, तुमचा देगलूर रोड सरळच हाय की." ते म्हणाले, "तो सरळ हाय, पर त्याच्यावर रस्ता न्हाई." सगळं दुकान हसून हसून लोळलं.

दुसरे एक क्लासचे फिजिक्सचे सर. आपल्या विद्यार्थ्याचा कान धरायला आले होते. कान धरला, आणि धरूनच पडद्याकडं बघत उभे राहिले. मग म्हणाले, "गधड्या, वळणाच्या आधी वेग कमी कर, वळणात नाही. मी काय शिकवलं तुला?" कान सोडला, रिमोट घेतला. समोर दालमिलचा एक हमाल बसला होता. दिवसभर पोती उचलून संध्याकाळी येणारा. त्यानं सरांना मांजरा पुलावरून खाली पाडलं. सर परत बसले, परत पडले. त्यानंतर दर रविवारी डोक्याला रुमाल बांधून यायचे. विद्यार्थी आले की इंदू सरांना पडद्यामागं पाठवायची आणि म्हणायची, "सर, आवाज करू नका, तुमचा वर्ग आलाय."

हे सगळं तिच्या जिवावर होतं. मी रिमोट पुसायचो, वायरी जोडायचो, इन्व्हर्टरमधी पाणी घालायचो. स्वतः मी कधी खेळलो नाही. ती खेळायची, दुपारी गिऱ्हाईक नसताना, आणि अस्वलाला "चल रे माझ्या राजा" म्हणायची.

आता माझी चूक सांगतो. ती गेली तरी तिचा मोबाईल वाजत राहिला. दोन दिवस. उचलला की, "हॅलो मामी, आज दुकान बंद का?" काय सांगायचं? मी ठेवून द्यायचो. तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन नांदेडला गेलो, गोदावरीवर. माझी एकुलती लेक रेखा तिथंच दिलेली आहे. घाटावर लोक मेलेल्या माणसाच्या जिवाची वस्तू पाण्यात सोडतात. कोणी चष्मा सोडतो, कोणी पानाचा डबा. गुरुजींनी विचारलं, काही आहे का? मी खिशातून मोबाईल काढला आणि सोडून दिला.

रेखा ओरडली, "अप्पा! मोबाईल काय टाकलात?"

"तिच्या हातातून कधी सुटला न्हाई. ऱ्हाऊ दे तिच्यापाशी."

गुरुजी म्हणाले, असलं नदीत टाकू नये. बरोबर आहे त्यांचं, नदीला त्याचा काय उपेग? पण बुडाला तेव्हा मला बरं वाटलं होतं. वाजायचा थांबला.

मी दुकान उघडलं. जुन्या गिऱ्हाइकांना माहीत होतं, ती काही बोलली नाहीत. होस्टेलची नवी पोरं-पोरी विचारायची, "मामी कुठंय?" मी सांगायचो, "नांदेडला गेली." हे अगदीच खोटं नव्हतं. गोदावरी नांदेडलाच आहे. पण ती वारली हा शब्द माझ्या तोंडातून निघत नव्हता. तिच्या माघारी तीन महिने मी तो कुणापुढं बोललो नाही. तिचे रस्ते चालू होते, पोरं गंजगोलाई लावा म्हणत होती, तेवढ्यावर माझा दिवस जात होता.

मग एक दिवस विजेचा दाब वाढला आणि यंत्र जळालं. मांडीवर घेऊन एसटीनं नांदेडला नेलं, तिथं एक चांगला कारागीर आहे. दोन दिवसांत त्यानं दुरुस्त करून दिलं. म्हणाला, "मामा, मशीन चालू झालं, पण आतलं सगळं पुसलं गेलं."

मी विचारलं, "रस्ते?"

"त्याची काळजी नका करू. खात्यात हायत. परत उतरवून घ्यायचे, पैसे लागत न्हाईत. फकस्त मोबाईलवर एक नंबर येईल, तो टाका."

"कुठल्या मोबाईलवर?"

"खातं ज्या नंबरवर हाय त्याच्यावर."

त्याचे पैसे दिले. यंत्र उचललं आणि सिमकार्डाच्या दुकानात गेलो. तोच नंबर दुसऱ्या सिमवर द्या म्हणालो. पोरगं म्हणालं, "ज्यांच्या नावावर हाय त्यांना घेऊन या. तोंडाचा फोटो काढावा लागतो."

"त्या येऊ शकत न्हाईत."

"आजारी हायत का? मग आपण घरी येऊ."

मी उठून बाहेर आलो.

रेखाच्या घरी गेलो. ती म्हणाली, "अप्पा, कंपनीचा फोन असतो. मी बोलते. आईची जन्मतारीख मला पाठ हाय. मीच आई हाय म्हणून सांगते. मोबाईल हरवला म्हणते, नवा नंबर देते. दोन मिनिटांचं काम."

जावई म्हणाले, बरोबर आहे, सगळे असंच करतात. मी हो म्हणून मान हलवली. माझ्या मनात काय होतं ते लपवत नाही. मला ते रस्ते पाहिजे होते. ती नावं ठेवून गेलेली, तिच्या मोबाईलमधून पैसे गेलेले, एकेक दिवस उंबऱ्यात बसून तिनं उतरवलेले. फोटो भिंतीवर आहे, पण फोटोपुढं माणूस दोन मिनिटं उभा राहतो. रस्त्यावर पोरं दिवसभर असायची.

रेखानं फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. बराच वेळ गाणं वाजलं. मग एक पोरगी हिंदीत बोलायला लागली. लई गोड. नाव काय, तारीख काय, कोणता खेळ. मग तिनं विचारलं, "क्या मेरी बात खातेदार से हो रही है?"

रेखा म्हणाली, "हां जी. मैं इंदुमती बोल रही हूँ."

रेखाचा आवाज आईसारखा आहे हे मला माहीत होतं. पण तो असा, तिच्या नावासंगं, फोनच्या तोंडाशी, मी कधी ऐकला नव्हता. तीच ओढ, तोच 'मती'वर दाब. पोरगी पुढं म्हणाली, "कैसी हैं आप?" आणि रेखा म्हणाली, "अच्छी हूँ."

मी फोन हिसकावून घेतला.

"अच्छी नहीं है," मी म्हणालो. "वो मर गई. तीन महिना हुआ. मैं उसका आदमी बोलता."

पलीकडची पोरगी म्हणाली, तिला फार वाईट वाटलं. वाटलं असंल. मग कागद वाचल्यासारखी बोलायला लागली. खातं हे ज्याचं त्याचं असतं. ते दुसऱ्याला देता येत नाही, वारसाला पण नाही. आणि खातेदार वारल्याचं आता तिला कळलं आहे, म्हणून तिला नियमाप्रमाणे खातं बंद करावं लागंल.

"और रस्ते? पैसे देके खरीदे हैं."

"सर, आपने रास्ते नहीं खरीदे. खेलने की इजाज़त खरीदी थी."

मग मी बोललो. हिंदीत सुरू केलं, पुढं मराठीत आलो. माझ्या बापाची विहीर माझ्या नावावर झाली, तेव्हा कुणी म्हणालं नाही की तुमच्या बापानं पाणी घेतलं नव्हतं, फक्त प्यायची परवानगी घेतली होती. तुम्ही पैसे घेताना 'विकत घ्या' असं लिहिता, बटणावर लिहिता, माझ्या बायकोनं मला वाचून दाखवलंय. तिथं 'परवानगी' कुठं लिहिलंय? मेलेल्या माणसाची भांडी वाटतात, लुगडी वाटतात, शेत वाटतात. तुम्हीच असे निघालात की माणूस मेल्यावर त्याच्या घरातून तुमची वस्तू उचलून नेता. आणि खोटं बोललेल्या माणसाला सगळं परत देता, खरं बोललेल्याचं बंद करता. ह्याला धंदा म्हणतात का? मी सायकली भाड्यानं दिल्या, त्या भाड्याच्या म्हणून दिल्या. विकली म्हणून सांगून भाड्यानं दिली नाही.

ती पोरगी ऐकत राहिली. तिचा काय दोष? शेवटी म्हणाली, "सर, मैं समझती हूँ." मी फोन ठेवला.

रेखा रडत होती आणि चिडली पण होती. "अप्पा, दोन मिनिटं गप बसला असता तर सगळं आलं असतं माघारी."

"तुझी आई अच्छी हाय म्हणालीस तू."

"बोलायला काय जातंय?"

"माझं जातंय," मी म्हणालो.

जावयांनी सांगितलं, मामा, नवं खातं काढू, तेच रस्ते परत विकत घेऊ, तुम्ही पैसे देऊ नका. भला माणूस आहे. मी नाही म्हणालो. एकदा घेतलेली वस्तू मी दुसऱ्यांदा घेणार नाही, आणि त्या कंपनीला तर नाहीच नाही. लोक म्हणतात, म्हातारा हट्टी आहे, चार पैशासाठी धंदा बुडवून राहिलाय. बुडू द्या. संध्याकाळच्या गाडीनं यंत्र घेऊन लातूरला आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला शटर वर केलं. रिमोट पुसत होतो तेवढ्यात होस्टेलच्या दोन मुली आल्या, रेणापूरकडच्या, बारावीच्या. दर रविवारी येतात. त्यातली उंच पोरगी आल्या आल्या म्हणाली, "मामा, मशीन आलं का? गंजगोलाई लावा. आणि मामी आल्या का नांदेडहून?"

"न्हाई आली," मी म्हणालो. "मामी वारली बाळ. तीन महिने होऊन गेले. मी तुम्हाला खोटं सांगत होतो."

पोरगी रिमोट हातात घेऊन उभीच राहिली. दुसरीनं तिचा हात धरला. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

मग मीच म्हणालो, "आणि गंजगोलाई पण गेली. मांजरा पूल पण. तिच्या नावावर होते रस्ते. ती गेली म्हणून कंपनीनं काढून घेतले."

"काढून घेतले?" उंच पोरीचा आवाज चढला. "असं कसं? मामींनी विकत घेतलेले ना ते?"

"हाव."

"मग त्यांचा काय संबंध? ह्यांच्या बापाचं हाय का?"

तिचं तोंड लाल झालं होतं. कंपनीवरची माझी कटकट ऐकून आजवर लोक हसले होते, किंवा जाऊ द्या म्हणाले होते. ती पहिलीच, जिला राग आला. मी तिला बस म्हणालो. यंत्रात तबकडी घातली, जुन्या सोळातला पहिला रस्ता लावला. दुसऱ्या मुलीला खेळायचं नव्हतं, ती डोळे पुसत होती. म्हणून तो रिमोट मी घेतला.

कुठलं बटण कशाचं, ते उंच पोरीनं मला दाखवलं. मला वाटलं, आजच्या दिवस ती मला सांभाळून घेईल. पहिल्याच वळणावर तिनं मला कठड्यावर घातलं.